रिकामी पाकिटं

शनिवार सकाळ. बायको लेकीला घेऊन पोहायला गेलीये, चहाचा दुसरा कप संपत आलाय, आणि गेले तीन आठवडे डोक्यात घोळणारा विषय आज एकदाचा लिहून टाकावा म्हणतोय. आधीच सांगतो, आज हिंजवडीचं ट्रॅफिक, मॅनेजरचे किस्से आणि मिसळ यातलं काहीही नाही. ज्यांना तेच हवंय त्यांनी सरळ पुढच्या शनिवारी यावं, राग नाही. :)

नवीन वाचकांसाठी थोडक्यात. मी सॉफ्टवेअरवाला, पण आमच्याकडे बँका किंवा विमानकंपन्या नाहीत. नव्या औषधांच्या माणसांवर ज्या चाचण्या होतात, म्हणजे क्लिनिकल ट्रायल, त्यांचा डेटा आमच्याकडे येतो. जगात कुठेतरी एक नर्स स्क्रीनवर फॉर्म भरते आणि आमचा प्रोग्रॅम तो तपासतो. जन्मतारीख भविष्यातली नाही ना, पुरुषाला गरोदर दाखवलेलं नाही ना, वगैरे. जुळलं नाही की सिस्टिम 'क्वेरी' टाकते आणि ती बिचारी नर्स उत्तर देत बसते. त्या फॉर्मवर एक प्रश्न हमखास असतो. 'औषध नियमित घेतलं का? हो / नाही.' दोन गोल, एकात टिंब. पंधरा वर्षं मी ही दोन टिंबं तपासतोय.

तर तीन आठवड्यांपूर्वी नवीन भरती झालेल्या पोरांचं ट्रेनिंग घेत होतो. 'डेटा जुळत नाही म्हणजे काय' हे शिकवायला माझं एक आवडतं उदाहरण आहे. व्हॉइस नावाची चाचणी. २००९ ते २०१२ या काळात दक्षिण आफ्रिका, युगांडा आणि झिम्बाब्वे या तीन देशांत ती झाली. एचआयव्हीची लागण न झालेल्या ५,०२९ बायकांनी त्यात नाव घातलं. काहींना रोज एक गोळी, काहींना योनीत लावायचं जेल. दोन्हीत औषध तेच, एचआयव्हीच्या रुग्णांना देतात त्यातलंच, फक्त इथे लागण होऊ नये म्हणून. आणि काहींना नुसती दिसायला तशीच, औषध नसलेली गोळी किंवा जेल, तुलनेसाठी. कुणाला काय मिळालंय हे त्या बाईलाही माहीत नाही आणि नर्सलाही नाही.

चाचणी आफ्रिकेत आणि बायकांवरच का, असा प्रश्न दर वर्षी कुणीतरी विचारतंच. कारण तिथे तरुण मुलींना लागण होण्याचं प्रमाण भयंकर आहे. आणि निरोध वापरायचा की नाही हे पुरुष ठरवतो. बाईच्या स्वतःच्या हातात राहील असं काहीतरी हवं, ही ती सगळी धडपड. २०१० साली डरबनकडच्या ८८९ बायकांवर झालेल्या एका चाचणीत त्याच औषधाच्या जेलनं लागण ३९ टक्क्यांनी कमी झाली होती, त्यामुळे आशा फार होती.

व्हॉइसमधल्या बायका दर महिन्याला दवाखान्यात यायच्या. शिल्लक गोळ्या आणि न वापरलेलं जेल परत करायच्या. मोजणी व्हायची. बायकांनी सांगितलेलं आणि मोजलेलं, दोन्ही साधारण नव्वद टक्क्यांच्या आसपास. म्हणजे दहातले नऊ दिवस औषध घेतलं! कुठलीही चाचणी मिरवेल असा आकडा. मार्च २०१३ मध्ये निकाल जाहीर झाला. चाचणी चालू असताना ३१२ बायकांना लागण झाली होती, आणि औषधाचा काहीच फायदा दिसला नाही. मग साठवलेल्या रक्ताच्या नमुन्यांत काय दिसलं? औषध मिळालेल्या बायकांच्या नमुन्यांपैकी जेमतेम पाव ते तीस टक्क्यांत औषधाचा अंश होता. निम्म्या किंवा त्याहून जास्त बायकांच्या तर एकाही नमुन्यात नाही.

इथे मी नेहमीप्रमाणे थांबलो. नाट्यमय पॉज वगैरे. मागच्या रांगेतला एक मुलगा म्हणाला, "सर, म्हणजे सगळ्या खोटं बोलत होत्या."

मी हसलो. म्हटलं, "करेक्ट. म्हणून माणसावर नाही, लॉगवर विश्वास ठेवा." सगळे हसले. पुढची स्लाइड.

त्या रात्री झोप येईना. कारण मला माझी मावशी आठवली.

१९९४ साल. वडिलांची बदली झाली होती, आणि शाळेचं वर्ष मोडू नये म्हणून मला सोलापुरात मावशीकडे ठेवलं होतं. मी चौथीत. चाळीतल्या दोन खोल्या, काका गिरणीत, आणि घरात मावशीची सासू. त्या वर्षी मावशीला टीबी निघाला. घरात सांगितलं काय, तर 'अशक्तपणा आहे, टॉनिक चालू आहे'. सासूसमोर टीबी हा शब्द काढायचा नाही अशी मला तंबी होती. शेजारच्या खोलीतल्या सुनेला 'छातीचा आजार' निघाल्यावर तिला माहेरी पोचवून आले होते. ती पुन्हा चाळीत दिसली नाही. मावशीनं ते बघितलं होतं.

गोळ्या दर पंधरा दिवसांनी दवाखान्यातून मिळायच्या. नियम असा की आधीची रिकामी पाकिटं दाखवायची, मग नवीन. मावशी मला बरोबर न्यायची. 'भाच्याला शाळेच्या वह्या घ्यायच्यात' असं काहीतरी सांगून आम्ही निघायचो. चाळीच्या मागे उघडं गटार होतं. तिथे ती पिशवीतून पाकिटं काढायची आणि एकेक गोळी फोडून गटारात टाकायची. लाल कॅप्सूल पाण्यावर थोडा वेळ तरंगायची, मग पुढे जायची. रिकामी पाकिटं मोजायचं काम माझं. बरोबर भरली की आम्ही दवाखान्यात. कंपाउंडर पाकिटं बघायचा आणि म्हणायचा, "शाब्बास बाई, अशाच घेत राहा." एकदा त्यानं माझ्या हातावर पेपरमिंटची गोळी ठेवली होती. मी खाल्ली.

सगळ्याच गोळ्या गटारात जात नव्हत्या. सासू गावाला गेली की मावशी घ्यायची. पण त्या लाल कॅप्सूलनं लघवीचा रंग लालसर होतो, आणि लघवीला घरातली एकच मोरी. सासूच्या नजरेतून काही सुटायचं नाही.

आठ महिन्यांनी मावशी पुन्हा आजारी पडली, आधीपेक्षा जास्त. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "गोळ्या तर वेळच्या वेळी घेतल्यात!" पाकिटांचा हिशोब बरोबर होता ना. तो मीच केला होता.

तर तीस वर्षांनी मी एका थंडगार मीटिंग रूममध्ये पोरांना सांगत होतो की बायका खोटं बोलल्या. च्यायला.

मग वाचायला लागलो. तीन आठवडे, लोकलच्या डब्यात गर्दीनं ढकलत न्यावं तसा एकेक पेपर मला पुढे ढकलत गेला. व्हॉइसच्या संशोधकांची एक गोष्ट मला मनापासून आवडली. निकाल आल्यावर बायकांना नावं ठेवून ते मोकळे झाले नाहीत. जोहान्सबर्गमध्ये चाचणीच्या बरोबरीनंच सहभागी बायकांशी सविस्तर बोलणं चालू होतं. पुढे चाचणी संपल्यावर तिन्ही देशांतल्या शंभरावर बायकांना पुन्हा बोलावून त्यांच्याच रक्ताचा अहवाल समोर ठेवला आणि विचारलं, हे असं दिसतंय, काय झालं असेल? म्हणजे आमच्या भाषेत क्वेरीच. पण या वेळी 'का?' विचारणारी.

काही जणी आधी चकित झाल्या, काही 'शक्यच नाही' म्हणाल्या. मग हळूहळू बोलत्या झाल्या. गोळीनं मळमळेल, काहीतरी होईल ही भीती. दवाखान्यात वाट बघत बसलेल्या बायकांमधली कुजबुज, अमकीला असं झालं, तमकीला तसं झालं. मी तर ठणठणीत आहे, मग औषध कशाला, हा साधा विचार. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे ती गोळी एचआयव्हीच्या रुग्णांचीच गोळी. घरात बाटली सापडली, नवऱ्यानं किंवा मित्रानं बघितली, शेजारणीनं ओळखली, की 'हिला एड्स आहे' हे ठरलंच. मी फक्त प्रतिबंधासाठी घेते, हे पटवून सांगायचं कुणाला?

मग प्रश्न उरतो, औषध घ्यायचं नव्हतं तर चाचणीत आल्या कशाला? मला वाटलं पैशासाठी. येण्याजाण्याचे पैसे मिळायचे, तेही एक कारण होतं, नाकारण्यात अर्थ नाही. पण तेवढंच नाही. दर महिन्याला मोफत एचआयव्ही तपासणी, बाकीच्या तपासण्या, आणि नीट बोलणारी नर्स. रांगेत ढकलाढकली नाही. ज्यांना दुसऱ्या दवाखान्यात कुणी वर मान करून बघत नाही, त्यांना इथे कुणी विचारायचं, कशी आहेस. काहींना खरंच वाटत होतं की आपल्या पोरीबाळींसाठी औषध निघावं. म्हणजे 'हो' खरा होता. पण तो चाचणीला होता, दवाखान्याला होता, माणसांना होता. गोळीला नव्हता. आणि गोळीला 'नाही' म्हटलं तर बाकीचं सगळं जाईल अशी धास्ती. नर्स नाराज होईल, नाव कमी करतील. मग रिकामी पाकिटं दाखवणं सोपं.

आकड्यांत आणखी एक गोष्ट आहे. पंचविशीच्या आतल्या, लग्न न झालेल्या मुलींमध्ये वर्षाला शंभरात जवळपास नऊ जणींना लागण होत होती. मोठ्या आणि लग्न झालेल्या बायकांमध्ये शंभरात एकीलाही नाही. आणि औषध कमी कुणी घेतलं? याच तरुण मुलींनी. ज्यांना सगळ्यात जास्त गरज, त्यांनाच ते घरात ठेवणं सगळ्यात अवघड.

आता कुणी म्हणेल, अडाणीपणा, अफवा. तर थांबा. भीती हवेतून आलेली नव्हती. नोनॉक्सिनॉल-९ नावाचं शुक्राणुनाशक जेल एचआयव्हीही अडवेल असं एकेकाळी वाटत होतं. आफ्रिका आणि थायलंडमधल्या वेश्याव्यवसायातल्या बायकांवर चाचणी झाली. २००० साली डरबनच्या परिषदेत निकाल आला की ते जेल जास्त वापरणाऱ्यांना उलट लागण जास्त झाली. पुढे सेल्युलोज सल्फेटच्या जेलची चाचणी. त्यात भारतातल्या बायकाही होत्या. जानेवारी २००७ मध्ये ती घाईघाईनं थांबवावी लागली, कारण तिथेही धोका वाढत असल्याची चिन्हं होती. सहभागी झालेल्या बायका शास्त्राला मदत करायला गेल्या होत्या. हे आपण पेपरात वाचतो. त्यांच्या वस्त्यांमध्ये ते तोंडी पोचतं, आणि पोचता पोचता मोठं होतं. म्हणून ते खोटं ठरत नाही.

आणि काही बायका आधीच, तोंडावर, मोठ्यानं 'नाही' म्हणाल्या त्याचीही गोष्ट आहे. कंबोडियात २००४ मध्ये वेश्याव्यवसायातल्या ९६० बायकांवर याच औषधाच्या गोळीची चाचणी व्हायची होती. त्या बायकांची संघटना होती, विमेन्स नेटवर्क फॉर युनिटी. त्यांनी विचारलं, पुढे काही वर्षांनी दुष्परिणाम झाले तर उपचार कोण करणार? विम्याची हमी द्या. हमी काही मिळाली नाही. जुलैत बँकॉकच्या एड्स परिषदेत निदर्शनं झाली आणि ऑगस्टमध्ये पंतप्रधान हुन सेन यांनी चाचणीच बंद पाडली. तेव्हा पुष्कळ शास्त्रज्ञ हळहळले. औषध चांगलं होतं, हे पुढे इतर चाचण्यांत दिसलंही. पण मला विचाराल तर त्या बायकांनी जगावर उपकार केले. चाचणीची आखणी करतानाच लोकांना बरोबर घ्यायचं, याची लेखी मार्गदर्शक तत्त्वं २००७ मध्ये आली ती अशाच भांडणांतून. संघटना असलेल्या बाईचा 'नाही' ऐकू येतो. एकट्या बाईचा 'नाही' गटारात जातो.

हे सगळं लांबचं वाटत असेल तर थोडं जवळ येऊ. भोसरीच्या एमआयडीसीत एक संस्था आहे, राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था. इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून सगळे तिला 'नारी' म्हणायचे (आता नाव बदललंय). मी त्या बाजूनं शेकडो वेळा गेलोय, कधी मान वळवून बघितलं नव्हतं. करोनात टीव्हीवर रोज दिसायचे ते डॉ. रमण गंगाखेडकर तिथलेच. त्यांचा आणि सहकाऱ्यांचा १९९७ चा एक अभ्यास आहे, पुण्यातल्या गुप्तरोगांच्या दवाखान्यांत आलेल्या बायकांचा. वेश्याव्यवसायात नसलेल्या, बहुतेक लग्न झालेल्या आणि नवऱ्याशिवाय कुणाशी संबंध नसलेल्या बायकांमध्येही सुमारे चौदा टक्क्यांना एचआयव्ही निघाला. त्यांचा धोका एकच, नवरा. त्यानंतर 'बाईच्या हातातलं साधन' पुण्यातही शोधलं जाणं साहजिकच होतं. फेब्रुवारी २००५ मध्ये देशातली पहिली एड्स लसीची चाचणी इथेच सुरू झाली. २००६-०७ च्या सुमारास त्या जेलची सुरक्षितता तपासणाऱ्या एका चाचणीत पुण्याच्या आणि अमेरिकेतल्या मिळून २०० बायका होत्या. सहा महिने जेल वापरायचं, तपासणीला यायचं.

पुण्यातल्या त्या बायका कुठून निघाल्या असतील, घरी काय सांगून निघाल्या असतील, याचा मी विचार करत बसलो. अशा चाचण्यांत साधारण अट असते की त्या काळात गरोदर राहायचं नाही. नवीन लग्न झालेल्या मुलीनं सासरी हे कुठल्या तोंडानं सांगायचं? 'एड्सच्या संस्थेत जाते' हे वाक्य आपल्यापैकी कुणाच्या आईला, बहिणीला, बायकोला घरात सहज म्हणता येईल? माझ्या बायकोला विचारलं, तू जाशील का अशा चाचणीत. ती म्हणाली, "जाईन. पण तुझ्या आईला तू सांगायचं." मी गप्प बसलो. फ्लॅट तीन बेडरूमचा झाला, मोरी तीच आहे.

आता थोडं बरं वाटेल असं. २०११ साली केनिया आणि युगांडात ४,७४७ जोडप्यांवर झालेली एक चाचणी आहे. त्यात जोडप्यातल्या एकाला एचआयव्ही होता, दुसऱ्याला नव्हता, आणि दोघांनाही ते माहीत होतं. तिथे याच जातीच्या गोळ्यांनी लागण दोन तृतीयांश ते पाऊण भागानं कमी केली. रक्तात औषधही सापडलं, पाचातल्या चार नमुन्यांत. रसायन बदललं नव्हतं. बदललं एवढंच की बाटली फळीवर उघड ठेवता येत होती.

आणि २०२४. लेनाकापावीर नावाचं इंजेक्शन, वर्षातून फक्त दोनदा, पोटाच्या कातडीखाली. चाचणी पुन्हा दक्षिण आफ्रिका आणि युगांडातच, १६ ते २५ वर्षांच्या ५,३३८ मुलींवर. म्हणजे व्हॉइसनं ज्यांना गमावलं होतं त्याच वयाच्या. आखणी करताना तिथल्या लोकांशी आधी बोलले. चाचणी चालू असताना कुणी गरोदर राहिली तर तिला बाहेर काढलं नाही, तिच्या संमतीनं पुढे चालू ठेवलं. निकाल असा की इंजेक्शन मिळालेल्या २,१३४ जणींपैकी लागण झालेल्या शून्य. हो, शून्य. रोजच्या गोळीच्या दोन गटांत मात्र १,०६८ पैकी १६ आणि २,१३६ पैकी ३९ जणींना लागण झाली, कारण गोळ्या याही वेळी बहुतेक जणींनी घेतल्याच नव्हत्या. इंजेक्शनला मात्र नव्वद टक्क्यांहून जास्त मुली वेळेवर आल्या. मुली त्याच होत्या. रोज घरात लपवायचं काही उरलं नाही, एवढाच फरक. जून २०२५ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली, जुलैत जागतिक आरोग्य संघटनेनं शिफारस केली. वर्षाला चाळीस डॉलरमध्ये ते बनवण्याचं २०२७ पासूनचं आश्वासन ज्या दोन कंपन्यांनी दिलंय, त्या आपल्या हैदराबादच्या आहेत.

हे वाचलं आणि मी लॅपटॉप बंद केला. कारण मावशीच्या गोष्टीचा उरलेला भाग. दुसऱ्यांदा आजारी पडल्यावर तिला रोज एक इंजेक्शन लावलं होतं, गोळ्या होत्याच, पण त्याही इंजेक्शनच्या वेळी कंपाउंडरसमोरच गिळायच्या. जवळजवळ तीन महिने. 'भाजीला जाते' म्हणून ती पिशवी घेऊन निघायची, आणि येताना खरंच भाजी आणायची. एक दिवस चुकली नाही. घरात ना बाटली, ना पाकीट. लघवीच्या रंगाचं काय सांगायची कुणास ठाऊक, बहुधा टॉनिक. ती बरी झाली. आज अडुसष्ट वर्षांची आहे आणि माझ्यापेक्षा जास्त चालते.

पण सगळं 'इंजेक्शन आलं, प्रश्न सुटला' असंही नाही. २०२५ च्या सुरुवातीला अमेरिकेच्या सरकारनं परदेशी मदत एका फटक्यात गोठवली. दक्षिण आफ्रिकेत तेव्हा एका नव्या योनीतल्या रिंगची चाचणी चालू होती. पैसेच थांबले, आणि बायकांना अंगातली रिंग काढून घ्यायला बोलवावं लागलं. या बायकांनी संमतीपत्रावर सही केली होती. किती दिवस येऊ, काय वापरू, कशाचं उत्तर देऊ, सगळं कबूल केलं होतं. समोरच्या बाजूनं पाळलं नाही. पुढच्या चाचणीला त्यांच्या मैत्रिणी 'नाही' म्हणाल्या, तर कुठला मुलगा मागच्या रांगेतून काय म्हणणार आहे? यावर आमच्याकडे क्वेरी पडत नाही.

परवा रात्री मावशीला फोन केला. आधी इकडचं तिकडचं. मग विचारलंच, "मावशी, तुला ते गटार आठवतं का गं?"

पलीकडे जरा वेळ शांतता. मग म्हणाली, "तुला आठवतंय होय रे बंड्या? मला वाटलं विसरलास."

म्हटलं, "तू डॉक्टरांना का नाही सांगितलंस? की घरी जमत नाही म्हणून?"

"त्यांनी विचारलं, गोळ्या घेतल्या का. मी म्हटलं, घेतल्या. आणि काय सांगायचं होतं? ते डॉक्टर होते. माझ्या सासूला ते थोडेच सांभाळणार होते!"

मग तिनंच उलटं विचारलं, "आणि तू का नाही सांगितलंस? तुझ्या तर हातात पाकिटं असायची."

मला उत्तर देता येईना. म्हटलं, लहान होतो.

"बरं झालं नाही सांगितलंस," ती म्हणाली. "सांगितलं असतंस तर पुढच्या वेळी तुला बरोबर नेलं नसतं. आणि ते बारके पाय घेऊन तू माझ्यामागे पळायचास ना, तेवढाच मला त्या दवाखान्यात धीर होता."

फोन ठेवल्यावर बराच वेळ गॅलरीत उभा होतो. डॉक्टरला पाकिटं हवी होती, मी पाकिटं मोजली. मीही तिला कधी विचारलं नव्हतं की टाकतेस का. आता विचारलं, तर तीस वर्षांनी. आणि ती एका दमात सगळं बोलून गेली.

गेल्या शुक्रवारी ट्रेनिंगच्या पोरांना पुन्हा बोलावलं. म्हटलं, मागच्या वेळी मी एक चुकीचं शिकवलं. त्या बायका खोटं बोलल्या हे अर्धंच खरं आहे. आपण त्यांना असा प्रश्न विचारला होता ज्याचं एकच उत्तर देणं त्यांना परवडत होतं. मागच्या रांगेतल्या त्या मुलानं विचारलं, "मग सर, फॉर्ममध्ये 'का?' चा रकाना टाकायचा का?" मी म्हटलं, टाकू या, पण ते आपल्या हातात नाही, स्पॉन्सर ठरवतो. विनंती पाठवली आहे. आमच्याकडे अशा विनंतीला 'विचाराधीन' म्हणतात, आणि त्याचा अर्थ तुम्हा सगळ्यांना माहीत आहे.

असो. सोमवारी रिलीज आहे, लेक पोहून आलीये आणि तिला भूक लागलीये. आज एवढंच.